टोंगन साक्षीने ठरलेले लग्न

मी, दमयंती केशव बिवलकर, वय एकाहत्तर, निवृत्त संस्कृत शिक्षिका, राहणार अवोन्डेल, ऑकलंड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. अक्षर वाकडे आले असेल तर ते वयाने नव्हे, हसू आवरत नाही म्हणून. येत्या शनिवारी माझा विवाह श्री. मोरेश्वर गद्रे यांच्याशी होत आहे. इथल्या कायद्याने लग्न झाले की आधीचे मृत्युपत्र रद्द होते. सबब हे त्या विवाहाच्या विचारानेच केले आहे आणि विवाहानंतरही लागू राहावे.

१. माझे घर कन्या कौमुदीस मिळावे. मोरेश्वर हयात असेतो त्यांनी तिथेच राहावे. कौमुदी आधी म्हणाली होती, "आई, या वयात? लोक काय म्हणतील?" मी विचारले, "कुठल्या भाषेत?" ती हसली, आणि विषय संपला.

२. मोरेश्वर हे अप्पर हट गावचे निवृत्त फार्मासिस्ट. मुलाकडे हेन्डरसनला राहायला आले आणि तिथल्या भाषामंडळात आमची गाठ पडली. माओरी आणि सामोअन या भाषा म्हणजे बहिणी. त्यांचे शब्द शेजारी मांडून त्यांची हरवलेली आई कशी बोलत असेल, हे आम्ही जुळवीत बसू. माओरीत 'दोन' म्हणजे रुआ, सामोअनमध्ये लुआ. 'घर' म्हणजे फारे आणि फाले. "एकीकडे र, एकीकडे ल. म्हणजे आईकडे एकच ध्वनी होता," असे मोरेश्वर ठासून सांगत. मी म्हणे, "तिसऱ्या बहिणीला, टोंगनला, विचारल्याशिवाय निकाल नाही." यावर आम्ही दोन हिवाळे भांडलो. त्यांनी मला चारचौघांत 'हट्टी' म्हटले. ते मी माफ केलेले नाही, पुढेही करणार नाही.

मग एका रविवारी बाजारात आमची टोंगन मैत्रीण, नर्स मेले, भेटली. मी विचारताच म्हणाली, "दोन? उआ. घर? फाले."

"उआमधला ल कुठे गेला?" मोरेश्वर.

"या शब्दात आमच्यात नाहीच तो!"

एकच ध्वनी असता तर दोन्ही शब्दांतून गळाला असता. एकातून गळाला, दुसऱ्यात टिकला; म्हणजे आईकडे ध्वनी दोन होते! मी अळकुड्यांच्या ढिगाशेजारी उभी राहून टाळ्या पिटल्या. मोरेश्वरांनी टोपी काढली. "दमयंतीबाई, हरलो. आता लग्न कराल का?"

हो, आए, इओए, इओ! मराठी, माओरी, सामोअन, टोंगन. एकीतही शंका राहू दिली नाही.

३. बँकेतली शिल्लक कौमुदीस. शब्दांची कार्डे आणि रेकॉर्डर नात सुरुचीस. तिला मराठी समजते, उत्तर इंग्रजीत येते, लग्नाचे ऐकून "स्वीट ॲज, आजी!" म्हणजे 'झकास' म्हणाली. तिने रेकॉर्डरवर सर्वांत आधी मोरेश्वरांची गुहागरी बोली उतरवून घ्यावी. ते शिव्याही देतील. त्या गाळू नयेत.

४. माझ्या नावाची पाटी लावल्यास मोरेश्वर हौसेने नावाआधी तारा (*) काढतील. तो काढू देऊ नये. आमच्या विषयात तारा म्हणजे हा शब्द प्रत्यक्ष कोणी ऐकलेला नाही, केवळ अंदाज आहे. मला पुष्कळांनी ऐकले आहे.

सही: दमयंती केशव बिवलकर
आम्हा दोघांसमक्ष सही झाली; आम्हांस यातून काही मिळणार नाही:
मेले ताउफा, नर्स
डॉ. नितीश करमरकर
अवोन्डेल, ६ नोव्हेंबर २०२५