शेवळं, काकडं आणि नवसीची जागा

मी, गोजराबाई पुंजाराम बोरसे, वय ६८, धंदा खानावळ, राहणार बोईसर, जि. पालघर, राजीखुशीने लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांशी कायद्याला देणेघेणे नाही असे वकीलसाहेब म्हणाले. मला कोणी धाक घातलेला नाही. घालून बघावाच.

कलम १. मुलगा चि. मनीष यास बँकेतली ठेव व त्याच्या वडिलांची सायकल. लहानपणी तो पानातली गवार खिडकीबाहेर टाकायचा. मग मी ओवा आणि दाण्याचे कूट घालू लागले, तसा मागून खाऊ लागला. माझ्या आजारपणात त्याने मला दवाखान्यात एकटे सोडले नाही, देव त्याचे भले करो. पण खानावळ त्याला नाही. त्याला ओट्यावर शटर ओढून मोबाइलच्या दुकानाला जागा द्यायची आहे.

कलम २. खानावळीची खोली, माझ्या कष्टाची, सून सौ. ज्ञानेश्वरी हिला. तिने रोज एक फळभाजी, एक पालेभाजी करावी. सगळ्यात बटाटा ढकलून वेळ मारून नेऊ नये. भेंडी धुऊन, पुसून मग चिरावी. दुधीची साले तीळ घालून परतावीत, चटणी होते. रात्रपाळीहून आलेल्या पोराला गार भाजी वाढू नये, त्याला घर आठवते.

कलम ३. शेजारचे फरसाणवाले निमेशभाई माझ्या जेवणाला घासफूस म्हणत. साखर निघाल्यापासून मागच्या दाराने कारल्याची भाजी नेतात. त्यांना ती जन्मभर फुकट द्यावी. मात्र पुढच्या बाकावर, सगळ्यांदेखत बसून खावी.

कलम ४. खोलीपुढच्या ओट्यावर उमरोळीच्या पाड्यावरची नवसी हिला हयातभर रानभाजीची टोपली घेऊन बसण्याचा हक्क. तिला कोणी उठवू नये, मनीषने तर नाहीच. कारण असे. आम्ही खानदेशातून नवे आलो, तेव्हा तिच्याकडून शेवळं, पहिल्या पावसात उगवणारी रानभाजी, घेतली. सोबत तिने हिरवी, आंबट काकडं दिली. आमच्या ह्यांना वाटले, वजन भरायला कच्ची फळे घातली. त्यांनी ती गटारात फेकली. मी शेवळं काळ्या मसाल्यात झणझणीत केली. सगळी पंगत घसा खाजवत उठली, आणि दुसऱ्या दिवशी कोणी जेवायला फिरकेना. नवसीला कळले तशी ती आली, आम्हाला हसली नाही, सरळ चुलीपाशी गेली. शेवळांची खाज काकडांच्या आंबटानेच मरते; ती ठेचून घालून तिने भाजी शिजवली, आधी स्वतः खाल्ली, मग दारात उभी राहून जेवायला येणाऱ्या कारखान्यातल्या पोरांना म्हणाली, "मी खाल्ली, आता तुमी खावा." पोरे बसली. खानावळ त्या दिवशी वाचली, आणि त्यावर आमची तीन पोटे जगली. नवसी, तुझे उपकार फिटायचे नाहीत.

कलम ५. मी कोणत्या महिन्यात जाईन ते ठाऊक नाही. तेराव्याला थंडीत वालपापडी-वांगे, उन्हाळ्यात शेवग्याच्या शेंगा, पावसात शेवळं करावीत. एरवी नवसीच्या टोपलीत असेल ते. नवसी म्हणते, "बाय, मरायचा हाय तर पावसात मर. तवा माजी टोपली भरलेली असते." बघते, जमले तर.

नवसीला या कागदावर साक्षीचा अंगठा द्यायचा होता. वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदारालाच मृत्युपत्रातून काही मिळाले तर पुढे वाद होतो, दोन्हीपैकी एक निवडा. मी ओटा निवडला. ती रुसली. "इतकी वर्सं माजी भाजी चालली, नि अंगठा नाय चालत?" म्हणाली आणि पाठ फिरवून ओट्यावर शेवळं निवडत बसली. बसू दे. तिने तिथे बसावे, एवढ्यासाठीच हा कागद.

वर लिहिले ते वाचून, ऐकून, समजून सही केली.

गोजराबाई पुंजाराम बोरसे (सही)
बोईसर, दि. ११ जून २०२५

साक्षीदार: १. अंकुश (सही) २. जितेश (सही)

नवसीचा अंगठा: घेतलेला नाही. तिला मिळायचे आहे.