टीव्हीला हळदकुंकू

प्रिय आशा,

फोनवर तू विचारतेस, तात्या, जेवलात का? मी हो म्हणतो आणि बोलणं संपतं. लिहायला बसलं की मात्र सुचत जातं. आधी दुकानांची बातमी. कन्नडचं दुकान दिवाळीआधी बंद करायचं, असं मी ठरवलंच होतं. गिऱ्हाईक येतं, आपल्या कारागीर सांडूकडून सगळं समजून घेतं आणि आमच्यादेखत मोबाइलवरून दुसरीकडचा टीव्ही मागवतं. करमाडच्या दुकानात तेच, गुलमंडीच्या दुकानातही तेच. भिंतभर टीव्ही चालू आणि बघायला मी एकटा. घरी गेलं तर तेवढाही आवाज नाही. तुझी आई गेल्यापासून मी दुकान बंद करायला उशीरच करतो.

मागच्या महिन्यात करमाडला आवडाबाई आल्या. त्यांच्या लेकानं पुण्याहून टीव्ही मागवून दिलेला. पोचवणारा खोका ओट्यावर टेकवून गेला तो गेलाच. बाई म्हणाल्या, "तात्यासाहेब, टीव्ही आलाय, पर लावून द्याया कुणीच नाय. तुमी चला." माझं डोकं फिरलं. घ्यायचा दुसरीकडून आणि लावायला आम्ही? वाट्टेल ते बोललो. बाई दुकानाच्या पायरीवर बसूनच राहिल्या. शेवटी सांडूला घेऊन गेलो. टीव्ही लागला तशा बाई ताट घेऊन आल्या. टीव्हीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आमच्या हातावर साखर ठेवली. म्हणाल्या, "आता आला बगा टीव्ही घरात."

पूर्वी आपण विकलेला प्रत्येक टीव्ही असाच घरात जायचा. ते कधी सुटलं, कळलंच नाही. परतताना सांडूला म्हणालो, वस्तू कुठूनही घेऊ देत, लावून देणं, शिकवणं, बिघडली तर दुरुस्त करणं आपलं. कन्नडच्या दुकानातले निम्मे टीव्ही हलवून तिथं दुरुस्तीची टेबलं मांडली. आता बाजाराच्या दिवशी बायका मिक्सर घेऊन दारात उभ्या असतात. फार सुटत नाही, पण दुकान चालू आहे. टीव्ही लावायला मीही जातो. सांडू म्हणतो, "तुमी कशाला दगदग करता?" लोकांच्या घरी चहा मिळतो, चार शब्द बोलणं होतं, हे त्याला काय सांगू?

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तू पाठवलेल्या टीव्हीचं चित्र कसं दिसतं, असं दर वेळी विचारतेस आणि मी हवापाण्याचं बोलायला लागतो. तो अजून खोक्यातच आहे, बैठकीच्या भिंतीला टेकलेला. तुला वाटत असेल, बापाची दुकानं असताना बाहेरून मागवला म्हणून रागावलो. सुरुवातीला रागावलो होतोच, खोटं कशाला बोलू. पण आता गावभर लोकांचे टीव्ही लावत फिरतो, तो राग कुठला राहायला! आपल्या घरात आलेल्या प्रत्येक टीव्हीला तुझ्या आईनं हळदकुंकू वाहिलं होतं. ती गेल्यावर आलेला हा पहिलाच. भिंतीला भोकं पाडायला मला कितीसा वेळ लागतो? पण टीव्ही लागल्यावर ताट घेऊन आतून कोण येणार, या विचारानं हातच उचलवत नाही गं. दुकानं विकून तिकडे या, असं म्हणू नकोस. तूच चार दिवस ये. टीव्ही मी लावतो, कुंकू तू लाव. साखर आणून ठेवलीय.

वाट बघणारा, तुझाच
तात्या