एकाच जागी चावलेलं पान

मी, खाली सही करणारी, चांदीची कारागीर, शरीराने थकलेली पण डोकं पूर्ण ठिकाणावर असलेली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी विचारलं, "आजी, कोणावर राग वगैरे आहे का मनात?" मी म्हटलं, "सांगायला बसले तर बाहेरचे पेशंट ताटकळतील." त्यांनी लगेच सही केली.

यापूर्वी केलेली माझी मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती दोन होती आणि दोन्हींत मी आजच्यापेक्षा प्रेमळ होते.

कलम पहिले. माझी मिळकत अशी: वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, तळमजल्यावर मागे कारखाना आणि रस्त्याच्या बाजूला दुकान. कारखान्यातली भट्टी, चांदी वितळवायच्या मुशी, कानशी, चिमटे आणि माझा ठसा. ठसा म्हणजे अर्धवट उमललेली कळी. माझ्या प्रत्येक दागिन्याच्या पाठीवर ती उठवलेली असते. हे सगळं मी स्वतः कमावलेलं आहे. माझे यजमान भले होते, पण त्यांनी आयुष्यात कमावली ती फक्त झोप.

माझ्या कामाबद्दल इथे दोन शब्द लिहिणं भाग आहे, नाहीतर पुढची कलमं कळणार नाहीत. मी पानाचं चित्र पाहून पान घडवत नाही. मी खरं पान घेते. त्याच्या पाठीला मेणाचा हात देते, मेणाच्या काडीवर उभं करते, भोवती प्लास्टर ओतते आणि ते सुकलं की भट्टीत ठेवते. मेण वितळून जातं, पान जळून जातं, आत त्याच्या आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत चांदी ओतायची. शिरा, सुरकुत्या, किडीने पाडलेली भोकं, सगळं जसंच्या तसं उतरतं. शेंगा, कळ्या, भुंगे, नाकतोडे, सगळ्यांची हीच गत. मूळ वस्तू जळून गेलेली असते, म्हणून तशी दुसरी होत नाही. दुकानाच्या पाटीवर "एकासारखा दुसरा नाही" असं लिहिलंय ते एवढ्याचसाठी. त्या पाटीवर माझी अब्रू टांगलेली होती.

कलम दुसरे. माझ्या धाकट्या बहिणीला मी चांदीचं झुरळ देते. मी हा धंदा सुरू केला तेव्हा ती चारचौघांत म्हणाली होती, "ताईने किडेमकोडे करायला घेतलेत. गळ्यात कोण घालणार, बेडूक?" पुढे तिने माझ्याकडून काय काय नेलं ते मी लिहीत नाही, तिच्या कानांना आणि गळ्याला माहीत आहे. हे झुरळ मला तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच सिंकखाली सापडलं. त्या वेळी ती मला, तिच्याकडे फरशीवर जेवलं तरी चालतं, असं सांगत होती. मी ते रुमालात गुंडाळून आणलं. मिशा शाबूत उतरल्या आहेत. असं काम माझ्याही हातून क्वचितच झालं. ब्रोच म्हणून वापरावं. कोणी विचारलं तर कुठलं आहे ते खरं सांगावं, एवढीच अट आहे.

कलम तिसरे. घर, कारखाना, दुकान, सगळी अवजारं, बँकेतली शिल्लक आणि कळीचा ठसा, हे सर्व मी माझ्या एकुलत्या एक मुलाला देते.

हे वाचून वकील हसले आणि म्हणाले, "शेवटी आईचं काळीज." वकिलांनी एक कलम वाचून हसू नये.

मुलाबद्दल लिहायचं तर तो वाईट नाही. त्याचा हात चांगला आहे, आवाज गोड आहे, गिऱ्हाइकाला तो खुर्चीवरून उठू देत नाही. फक्त तो बघत नाही. लहानपणी जेवताना ताटात काय आहे ते त्याला ताट रिकामं झाल्यावर कळायचं. मी त्याला भट्टी शिकवली, कानस शिकवली. बघायला शिकवता येत नाही.

त्याने माझ्या नकळत एक उद्योग केला. द्राक्षवेलीचं एक पान मी ओतलं होतं, देठाजवळ अळीने चावलेलं. ते पान विकण्याआधी त्याने त्यावरून रबरी साचा काढून घेतला. मग त्या साच्यातून मेणाची पानं काढून त्यांवरून चांदीची पानांमागून पानं ओतली, कानशीने साफ केली, माझा ठसा उठवला आणि ती गावोगावच्या दुकानांत विकायला पाठवली. अळीचं भोक सगळ्यांना त्याच जागी, त्याच आकाराचं आलं. ते बुजवावं, निदान थोडं बदलावं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही, कारण ते भोक त्याने पाहिलंच नव्हतं.

एका लग्नात माझ्या दोन जुन्या गिऱ्हाइकांची गाठ पडली. शाळेच्या मुख्याध्यापिका आणि दातांच्या डॉक्टरीणबाई. दोघींच्या गळ्यात तेच पान. दोघी दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या आणि दोन्ही पानं काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली.

"बाई," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुमची अळी फार शिस्तीची दिसते. दोन्हीकडे मोजून चावलीय."

दुकानात बरीच माणसं होती. मी मुलाकडे पाहिलं. त्याने शेजारी बसलेल्या सुनेकडे पाहिलं.

"आई, हिचं काम आहे," तो म्हणाला. "मी किती वेळा सांगितलं होतं तिला, असलं काही करू नको म्हणून."

सून मेणाच्या काड्या वळत होती. तिने मान वर केली नाही आणि तोंडातून शब्द काढला नाही.

त्याच संध्याकाळी मी दोन्ही पानांच्या कडा भिंगाखाली धरल्या. कानशीचे ओरखडे उलट्या बाजूला कललेले होते. आमच्याकडे डावखुरा एकच आहे. म्हणजे मला कळलं होतं, आणि मी गप्प बसले. सून एकदा तरी तोंड उघडते का, याची मी वाट पाहिली. तिने उघडलं नाही. जो स्वतःची बाजू घेत नाही त्याची बाजू मी घेत नाही, मग तो कोणी का असेना. मुलाने ते खापर तिच्या डोक्यावर फोडलं ते फोडलंच. पुढे तेच कारण पुढे करून घटस्फोटही घेतला. ती एक पिशवी घेऊन गेली. मी दारापर्यंतही गेले नाही. हल्ली ती शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत राहते आणि गॅसच्या शेगडीवर कसलंसं कथलाचं काम करते. तिचं एक शेवग्याचं फूल मी कोणाच्या तरी कानात पाहिलं. घरी येऊन मला जेवण गेलं नाही, इतकं ते चांगलं होतं.

मुलाने आजतागायत खरं सांगितलेलं नाही. मी त्याला संधी दिली नाही असं कोणी म्हणू नये. दर आठवड्याला, बरोबर त्याच्या समोर बसून, मी विचारत आले, "तिने असं का केलं असेल रे?" दर वेळी तो म्हणाला, "जाऊ दे ना आई, झालं गेलं." तिला त्याने माफ केलं, असंही एकदा म्हणाला.

कलम चौथे. वरीलपैकी कोणतीही देणगी कोणत्याही कारणाने रद्द ठरली, तर ती माझ्या सुनेला मिळावी. कोर्टाने तिला माझ्या मुलापासून वेगळं केलं आहे, माझ्यापासून नाही. ही भरपाई नाही. मला तिची कीव येत नाही आणि ती मला आवडतही नव्हती. जेवताना ती फार हळू चावते. पण तिला दिसतं. ती म्हणेल, मला नको. तिला सांगावं की मी तिला विचारलेलं नाही. मुलाला घरात राहू द्यायचं की नाही हे तिने ठरवावं, आणि ठरवताना या वेळी तोंडाने बोलावं.

कलम पाचवे, साक्षीदारांविषयी. वकिलांनी मला कायदा समजावून सांगितला आहे. मृत्युपत्रात ज्याला काही दिलं आहे, त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर मृत्युपत्र चालतं. त्याला दिलेलं मात्र रद्द होतं. म्हणूनच शेजारच्या गाळ्यातल्या घड्याळजींना मी काही दिलेलं नाही. ते पहिले साक्षीदार आहेत.

दुसरा साक्षीदार माझा मुलगा.

त्याला वर बोलावलं जाईल. सगळे कागद टेबलावर उघडे असतील, हे कलम सर्वांत वर. शेजारी त्याचा चष्मा पुसून ठेवलेला असेल. त्याला हवा तेवढा वेळ मिळेल. त्याने वाचलं, तर तो सही करणार नाही. मग दुसरा साक्षीदार बोलावू आणि कलम तिसरे शब्दशः पाळलं जाईल. घर, दुकान, ठसा, सगळं त्याचं. मी शब्द फिरवणारी नाही. त्याने एकदा नीट बघावं, याहून जास्त मी त्याच्याकडे काही मागितलेलं नाही.

घड्याळजी म्हणाले, "बाई, हे फार होतंय. पोटचा पोरगा आहे. निदान वाच म्हणून सांगू द्या मला."

मी म्हटलं, "सांगायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही."

कलम सहावे. त्या द्राक्षाच्या पानांपैकी जेवढी मला सापडली तेवढी मी परत मिळवली, प्रत्येकीला बदल्यात नवा खरा दागिना देऊन. त्यात माझी शेवटची चांगली वर्षं गेली. ती पानं बिस्किटांच्या डब्यात आहेत. तो डबा मृत्युपत्रात नाही. सही झाली तर मी तो मुलाच्या हातात आजच देईन.

वरील सर्व मी वाचलं, मला समजलं आणि मला मान्य आहे.

ठिकाण: वरची खोली, खिडकीजवळचं टेबल.
तारीख: आजची, सोमवार, दुकानाची सुट्टी.

मृत्युपत्र करणारीची सही आणि कळीचा ठसा.

साक्षीदार पहिला: शेजारचे घड्याळजी. सर्व कागद वाचून सही केली.

साक्षीदार दुसरा: मुलगा. सही केली, डाव्या हाताने.

सह्या झाल्यावर, वकिलांच्या समोर, मी खाली एवढं लिहून ठेवते. मुलगा आला. घड्याळजी खोकले, दोनदा. मुलाने त्यांना पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "कुठे करू सही?" मी बोटाने जागा दाखवली. चष्मा होता तिथेच राहिला. मग मी डबा त्याच्या हातात दिला. त्याने झाकण उघडलं नाही. हातावर तोलून पाहिला आणि हसून म्हणाला, "चांगला जड आहे गं आई."