लेणी नव्हती ती

रविवार, येरवडा. दिवेलागण झाली.

आंध्रातली सहल करून काल परत आलो. मी अगदी खुशीत होते. तिथे गुहेच्या दाराशी मिलिंद म्हणाला होता, "आई, लेणीच आहेत गं, आपल्या कार्ल्यासारखी. पायऱ्या फार आहेत, तू बस बाकावर." पोटचा पोरगा, खोटं कशाला बोलेल? कार्ल्याची लेणी तर मी कितीदा पाहिलीत. बसले शेंगा खात.

आज नात मोबाईलवर फोटो दाखवते, तर काय! छतातून दगडाच्या शेवया लोंबतायत, खालून दगडाच्या मेणबत्त्या उगवल्यात. मी हरखूनच गेले. विचारलं, "कुणी गं कोरलं एवढं?"

"आजी, ही लेणी नाहीत. कुणीच कोरलं नाही. पाणी ठिबकून ठिबकून झालंय."

मिलिंदला विचारलं, तर म्हणतो, "खरं सांगितलं असतं तर तू आत यायचा हट्ट धरला असतास."

म्हणजे ठाऊक होतं त्याला! आणि लेणी म्हणाला. लेणी! धरलाच असता हट्ट. गुडघे कुरकुरले असते तर माझी मी परत फिरले असते. गुडघे माझे, आणि त्यांचं उत्तर यानं परस्पर देऊन टाकलं.