बाडाखालची वही

सातपूर, नाशिक
९ ऑगस्ट २००३

तीर्थस्वरूप कुसाअक्कास,

धाकट्या गोटीरामचा (वय पंचेचाळीस, गुडघे साठीचे) साष्टांग नमस्कार. तिकडे पेठला नागलीची लावणी उरकली का, आणि तुझी कंबर काय म्हणते? इकडे सगळे खुशाल, फक्त माझा फुगा फुटलाय.

त्याचं असं झालं. कॉलेजातल्या मनीषा मॅडम डोंगरातली कुटुंबं शहरात येऊन कशी वर आली याचा अभ्यास करतात, तोही माणसांनी स्वतःच्या हातानं लिहिलेल्यावरून. हे कळल्यावर मी सोडतो होय! फोरमन झाल्यापासून लिहीत असलेलं माझं आत्मचरित्र खाकी कव्हर घालून नेऊन दिलं. बाड जरा जाड दिसावं म्हणून तळाला तुझी वही घातली. (तीच, साक्षरता वर्गाची, मयूरच्या जन्माच्या वेळी आलीस तेव्हा इथेच राहिलेली. मला वाटलं बाराखडी असेल. उघडून बघायची बुद्धी झाली नाही.)

आठ दिवसांनी मॅडमनी माझं बाड अदबीनं परत केलं आणि वही मात्र सोडेनात. माझ्यात 'स्वकष्टाने' सतरा वेळा आलंय म्हणे, आणि तू एकदाच: 'मला एक बहीण आहे.' मग तू माझ्या लहानपणचं आठवून लिहिलेलं पान त्यांनी वाचलं. "गोटू त्या दिशी बी शाळंतून पळून आला. भाकर दिली. कान धरून परत नेला. सात कोस." असं अकरा वेळा, अक्का! आणि मी लिहिलंय, लहानपणापासून मला शिक्षणाचं वेड. हे सगळं ललिताच्या देखत झालं, त्यामुळे आता माझी बायको मला काही सांगायचं झालं की आधी माझ्या कानाकडे बघते.

पण खरं सांगू? तुझ्या चार ओळींत जे आलं ते माझ्या दीडशे पानांत नाही. तू लय मोठी आहेस, अक्का. तोंडावर बोलायला जमलं नसतं म्हणून लिहून देतो.

तुझा गोटू

ता. क. वही वापरायला मॅडमना तुझी सही हवी. न विचारता दिली, त्याबद्दल भेटल्यावर कान धर. पण तेवढं अकरा वेळांचं खोडायला सांगशील का? मयूरला अभ्यासावरून रोज मीच बोलतो.

ता. क. २ खोडू नकोस. मॅडमनी दिलेली झेरॉक्स आत्ता शेवटपर्यंत वाचली. "गोटू कंपनीत लागला. आता माजं लिहिते." त्यापुढं वही कोरी. त्या पानावरची तारीख बघितली तर त्याच आठवड्यात तू ललिताच्या बाळंतपणाला इकडे आलीस. सोबत नवी वही पाठवतोय. तुझं लिही, अक्का. 'मला एक बहीण आहे' याच्या पुढचं वाक्य मला येत नाही.