सहा घरांची मुलगी

४ नोव्हेंबर

पोचले. रत्नागिरीहून दीड तास एसटी, पुढे खाडीच्या कडेने पंधरा मिनिटं पायी. अंगणवाडीच्या सेविका उझमाताई थांब्यावर न्यायला आल्या होत्या. मी नको नको म्हणत असताना त्यांनी जड बॅग डोक्यावर घेतली आणि वाटभर माझ्या सोलापुरी बोलण्याला हसल्या. खोली त्यांच्या दिराची. तो कुवेतला असतो. चिऱ्याच्या भिंती, लाल कोबा, भरतीला पाणी मागच्या पायरीपर्यंत येतं. संध्याकाळी त्यांनी तळलेला बांगडा पाठवला. काटे काढण्यात अर्धा तास गेला. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

प्रशिक्षणात सांगितलं होतं, फॉर्मवर फक्त पाहिलेलं लिहा, वाटलेलं वेगळ्या वहीत. ही ती वही.

६ नोव्हेंबर

काम लिहायला सोपं आहे. सहा वर्षांखालच्या मुलांच्या घरी जायचं. मूल काय खातं, कुठे झोपतं, घाबरलं की कुणाकडे जातं, हे विचारायचं. वजन आणि उंची घ्यायची. मग गरजेची पातळी ठरवायची, एक ते चार. चार म्हणजे मदत ताबडतोब. मूल घराबाहेर काढायची वेळ येण्याआधी त्या घराला आधार द्यायचा, अशी संस्थेची योजना.

वाडीत तेवीस घरं. चौदा मुसलमानांची, बाकी हिंदूंची. निम्मे पुरुष बोटीवर किंवा आखातात. उझमाताईंच्या मते सहा घरांकडे आधी बघायला हवं. तिथून सुरुवात.

९ नोव्हेंबर

पहिलं घर जन्नतचं. वय चोवीस, नवरा मन्सूर मस्कतला. मुलगी इफ्फत, चार वर्षांची, १३.१ किलो. तिने माझं पेन घेतलं, परत दिलं, पुन्हा घेतलं. पातळी एक. अंगणवाडीच्या वहीत या घरात आणखी एक मुलगी आहे, तेवढ्याच वयाची, नूरी. जन्नत म्हणाली, ती आता नाय इथं, तिकडं गेलीय. तिकडं म्हणजे कुठे, विचारलं. तिने वरच्या घरांकडे मान वळवली.

दुसरं घर काशीबाईंचं. साठीच्या आहेत, एकट्या नात सांभाळतात. आवाज खणखणीत. म्हणाल्या, माशातला काटा काढता येत नाय तुला, उझमा सांगत होती. आणि आमच्या पोरांत काय कमी ते काढायला आलीस व्हय गो बाय? उझमाताई हसल्या. मीही हसले. वहीप्रमाणे इथेही चार वर्षांची दुसरी मुलगी आहे. तीही घरी नव्हती.

१३ नोव्हेंबर

सहाही घरं झाली. सहाही घरांत एक मुलगी घरी नव्हती.

आज अंगणवाडीची वही नीट पाहिली. सहा मुलींची नावं वेगळी. वजन सगळ्यांचं १२.९. उंची सगळ्यांची ९४. गेल्या वर्षीही १२.९ आणि ९४. त्याच्या आदल्या वर्षीही.

हे मी दुसऱ्या जिल्ह्यात पाहिलेलं आहे. न जन्मलेली मुलं पटावर असतात आणि त्यांच्या नावावर शिध्याची पाकिटं उचलली जातात. उझमाताईंबद्दल असं वाटायला नको होतं. त्यांनी पाठवलेली सोलकढी प्यायले नाही.

१५ नोव्हेंबर

जन्नतच्या दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा आहेत. इफ्फतच्या, पेन्सिलीने केलेल्या, दर वाढदिवसाला एक. शेजारी एकच खूण, खोल, चाकूने पुन्हा पुन्हा त्याच जागी केलेली. पट्टी लावली. ९४.

पाणी मागायच्या निमित्ताने उरलेल्या पाच घरी गेले. पाचही चौकटींवर ती खूण आहे. काशीबाईंकडे लाकूड तिथे बोटभर आत गेलं आहे.

पाकिटांसाठी एवढं कुणी करत नाही. म्हणजे मुलगी होती. तिचं काहीतरी झालं, आणि सहा घरं मिळून ते झाकत आहेत.

१९ नोव्हेंबर

उझमाताईंना सरळ विचारलं. त्या शेंगा सोलत होत्या. सोलणं न थांबवता म्हणाल्या, मुलगी एकच आहे. सहा घरांत आठ-आठ दिवस राहते. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, तसा हा तिचा वार. कुणाची मुलगी? कुणाचीच नाही. कधीपासून? माझ्या आजीच्या वेळी चारचीच होती. आठच दिवस का? त्याच्या पुढे ठेवली की त्या घरच्या मुलाच्या अंगचं खायला लागते. मग वहीत नावं कशाला? त्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, तिला भूक लागते मॅडम. पाकीट नको?

इतक्या सरळ चेहऱ्याने खोटं बोलणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

जिल्हाप्रमुख सुजयसरांना फोन केला. ते म्हणाले, मूल दाखवू देत, नाहीतर नाव खोड, सगळं लेखी घे. आणि तू जरा झोपत जा.

२२ नोव्हेंबर

अंगणवाडीत बैठक घेतली. मुलगी कुणी दाखवली नाही. सहा नावं सगळ्यांसमोर पट्टी लावून खोडली. कागदावर लिहिलं, यापुढे कोणतंही मूल या घरातून त्या घरात ठेवलं जाणार नाही. सह्या झाल्या. काशीबाईंनी अंगठा दिला आणि माझ्या पदराला शाई पुसली. म्हणाल्या, शाई तुझी, तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे.

जन्नतची सही शेवटची. तिने विचारलं, आज ती आमच्याकडं आहे मॅडम, मग आमच्याकडंच ऱ्हाईल काय? मी सांगितलं, राहायला कुणी नाहीच.

 तिने सही केली.

२९ नोव्हेंबर

इफ्फत १२.२. काटा बिघडला असेल म्हणून दुकानातली दोन किलोची साखर लावून पाहिली. काटा बरोबर आहे.

३ डिसेंबर

११.३. जन्नत म्हणते, पोटभर जेवते. जन्नतला आणि इफ्फतला घेऊन रत्नागिरीला गेले, तपासण्या केल्या. दोष काही नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, घरी काय चाललंय ते बघा.

मला खोटं पाडायला ही पोरीला उपाशी ठेवते आहे का? वाडी तिच्याकडून करून घेते आहे का? पातळी चार लिहिली. मूल घरातून हलवावं, असंही लिहिलं. अजून पाठवलं नाही.

५ डिसेंबर

दुपारी त्यांच्या जेवणाला समोर जाऊन बसले. दार उघडं, लख्ख ऊन. जन्नतने दोन ताटल्या वाढल्या. भात, आमटी, बांगड्याचा तुकडा. एक इफ्फतपुढे, एक रिकाम्या पाटापुढे. इफ्फत सगळं जेवली. प्रत्येक घास तोंडात जाताना पाहिला, गिळताना पाहिला. दुसऱ्या ताटलीला कुणी हात लावला नाही.

इफ्फतच्या ताटलीत काटा एकही नव्हता. काटे दुसऱ्या पाटाजवळ होते. स्वच्छ, ओळीने लावलेले.

हात धुवायच्या आधीच इफ्फत म्हणाली, अम्मी, भूक.

तिची उंची घेतली. नवी खूण वाढदिवसाच्या खुणेच्या खाली आली.

जन्नत खोटं बोलत नव्हती. फॉर्मवर काय लिहू?

७ डिसेंबर

१०.२. इफ्फतला उभं राहता येत नाही.

उझमाताईंकडे गेले. म्हटलं, तो कागद फाडते, वार पुन्हा सुरू करा. त्यांनी काशीबाईंना बोलावलं, पुढचं घर त्यांचं. काशीबाईंनी आज चेष्टा केली नाही. म्हणाल्या, मोडलेला वार असा जोडता येत नाय. ज्यानं मोडला त्याच्याकडं आधी आठ दिस. मग मी येईन न्यायला. नववा दिस काढू नको, बाय. तुझ्या घरात पोर नाय. मग ती तुझंच खाईल.

विश्वास बसलेला नाही. पण इफ्फत आठवडा काढणार नाही.

८ डिसेंबर

जन्नतच्या दारात उभी राहिले. म्हटलं, चल माझ्याकडे. एवढंच म्हणायचं असतं.

कुणी दिसलं नाही. पायवाटेवर निम्म्यात माझी दोन बोटं कुणीतरी धरली. हात कोरडा. लहान. मी खाली पाहिलं नाही.

१० डिसेंबर

इफ्फत १०.९! जन्नतला हुंदका आवरेना.

मी दोन ताटल्या वाढते.

१२ डिसेंबर

इफ्फत ११.६.

माझ्याकडची ती दारामागे बसते. तिचा फॉर्म भरायला घेतला. एवढ्या वर्षांत कुणी भरलेला नाही. काय खातेस. कुठे झोपतेस. घाबरलीस की कुणाकडे जातेस — तिने माझी बोटं घट्ट धरली.

इतकंच. पण हे तिला आजपर्यंत कुणी विचारलेलंच नव्हतं.

१४ डिसेंबर

उझमाताई खिडकीतून डोकावून गेल्या. कपडे सैल दिसतायत ऋतिका, जेवतेस ना? आठ म्हणजे आठच हं.

दुसऱ्यांदा बजावलं. त्यांना एवढी घाई कसली? बांगड्या हातातून गळून पडतात, काढून ठेवल्या. जेवण जातं. भूक —

आठ दिवसांत मूल कुठे रुजतं? आठ दिवस, की उचल. आठ दिवस, की उचल. हा वार नव्हे. हे टाकणं आहे.

१५ डिसेंबर

काशीबाईंच्या घराचा फॉर्म पुन्हा काढला. विहिरीला कठडा नाही. चूल उघडी. आणि ती खूण — मुलीच्या डोक्याला लागून एवढ्या जोराने चाकू कोण मारतं? पातळी चार.

जन्नत. ताट वाढलं, पण माझ्यासमोर तिला एकदाही हाक मारली नाही. चार.

सहाही घरं चार. आधी दिसलं कसं नाही —

योग्य घर एकच आहे.

१६ डिसेंबर

सकाळी दहा. आल्यात. काशीबाई, उझमाताई, जन्नत. इफ्फत जन्नतच्या कडेवर, गाल भरलेत. बरं झालं.

कडी लावली आहे. काशीबाई ओरडतायत, उघड गो, नववा दिस लागला, तुझ्याच जिवासाठी सांगतेय. मूल न्यायला येणारे सगळे हेच — भल्यासाठी —

ती मांडीवर आहे. जड. चौकटीला उभी करून पाहिली. ९६. दोनदा मोजलं. माझ्याकडे आल्यावर वाढली — सहा घरांत कुणाला जमलं नाही ते —

माझं मनगट पेनाएवढं दिसतंय. हसू आलं.

दाराची वरची कडी निघाली. इफ्फत बाहेरून हिला हाका मारते आहे. कोणी शिकवलं तिला, असं गोड —

ही उठू पाहते. नाही. धरलंय मी. एका हाताने धरवत नाही आता, दोन्ही हात लागतात, म्हणून लिहायचं