रिकाम्या स्वयंपाकघरातली शांतता

सेत, मंगळवार

आई,

दोन्ही गालांवर पापा. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. इथे सगळे मला अजून गोलकीपरच म्हणतात, नट कोणी म्हणत नाही. बाबांच्या कबुतरांना दाणे कोण घालतं?

बाबांना पुरलं त्या दिवशी मी कॅमेऱ्यासमोर मासे साफ करत होतो. सुट्टी मिळाली नाही, असं तुला सांगितलं. खरं तर मी मागितलीच नाही. त्यांना तसं बघायचा धीर नव्हता.

काल स्वयंपाकघरातलं शूटिंग संपल्यावर साउंडवाला म्हणाला, "सगळे गप्प उभे राहा. एक मिनिट." खोलीची नुसती शांतता ते अशी रेकॉर्ड करतात, मागाहून सिनेमात जोडायला. मला काय ठाऊक? कुणी वारलं की मॅचआधी मैदानावर घालायचो, तशी मी टोपी काढून मान खाली घातली. मेकअपच्या पोरी फिसकन हसल्या.

म्हातारा साउंडवाला जवळ आला. "कोण गेलं रे?"

"बाप."

त्यानं हेडफोन परत कानांवर चढवले. "चला, अजून एक मिनिट."

या खेपेला सगळ्यांच्या माना खाली होत्या.

सिनेमा लागला की ओदीलताईबरोबर जा. स्वयंपाकघरात कुणीच बोलत नाही, तिथं नीट ऐक. बाबांसाठी उभा आहे मी तिथं.

तुझा,
लुडोविक